गोणीपासून डब्यापर्यंत : दोन्ही बाजूंच्या ओझ्याचा इतिहास



मागच्या आठवड्यात टोमॅटोच्या प्लॉटचा फोटो टाकला होता. त्यात बांधाला लावलेली माझी गाडी दिसत होती. टोमॅटोबद्दल दोघांनी विचारलं आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या डब्यांबद्दल पंधरा-वीस जणांनी. म्हणून आज पिकाची नोंद बाजूला ठेवतो आणि डब्यांचं सांगतो. पण सुरुवात जरा लांबून करणार आहे, कारण ही डोकॅलिटी माझी नाही. ती दोन हजार वर्षं जुनी आहे, मधल्या काळात आपण ती विसरलो एवढंच.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. आमच्या पश्चिमेला नाणेघाट. तिथली लेणी, नागनिकेचा शिलालेख, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, हे सगळं बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पावसाळ्यात तर आता तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण पुढच्या वेळी गेलात तर लेण्यापाशी सेल्फी काढून झाल्यावर खालची वाट नीट बघा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून देशावर येणारा माल सातवाहनांच्या काळापासून त्या वाटेने चढला. त्या वाटेवर चाक चालत नाही. गाडी नाही, छकडा नाही. म्हणजे जे काही वर आलं ते माणसाच्या डोक्यावर किंवा जनावराच्या पाठीवर.

जनावराच्या पाठीवर माल कसा जायचा? गोणीत. आज आपण युरियाच्या पिशवीला गोणी म्हणतो, पण मूळ गोण म्हणजे बैलाच्या पाठीवरून दोन्हीकडे लोंबणारी जोड पिशवी. अर्धा माल डावीकडे, अर्धा उजवीकडे. इंग्रजांनी आपल्याकडूनच तो शब्द उचलला आणि तागाच्या पोत्याला 'गनी बॅग' म्हणायला लागले. घोड्यावर तीच गोष्ट लहान होऊन खुरजी झाली. खुरजीत स्वाराचं सामान, खोगिराखाली गाद्या. (खोगीरभरती हा शब्द तिथलाच. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकणाऱ्यांनी कृपया राग मानू नये.)

या गोणीच्या बैलांचे खरे मालक लमाण, वंजारी. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. त्याने दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. तांदूळ, धान्य, मीठ घेऊन चाललेले. रस्ता अरुंद असेल तर समोरून येणाऱ्याला तांडा जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागायचं म्हणे. मोगलांच्या फौजा त्यांच्यावर जगल्या, मराठ्यांच्या जगल्या, आणि 1803 च्या लढाईत वेलस्लीची इंग्रज फौजही याच बैलांनी आणलेल्या धान्यावर चालली. वऱ्हाडचा कापूस रेल्वे यायच्या आधी बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा. गंगेच्या काठापर्यंत! वाटेत पाऊस लागला की कापूस भिजून ओझं दुप्पट व्हायचं आणि बैल बसायचे.

माझे आजोबा लहानपणी नाणेघाटाने वर आलेले गोणीचे बैल पाहिल्याचं सांगायचे. कोकणातून मीठ, तांदूळ, सुकी मासळी वर यायची. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलंय : "बैलाला वज्याचा तरास नसतो, वज्याच्या झोल्याचा असतो." म्हणजे काय, तर गोण भरताना दोन्ही बाजू हाताने तोलून बघायच्या. ओझं पाठीच्या मध्याला, बरगड्यांना चिकटून बसवायचं, मागे पुठ्ठ्यावर नाही. एक बाजू हलकी झाली की गोण घसरते, बैलाची पाठ सोलते, आणि पाठ सोललेला बैल घाटात गेला म्हणजे गेला. एका बाजूला धान्य भरून दुसऱ्या बाजूला तोल राखायला वाळू भरणाऱ्या येड्याची गोष्टही ते सांगायचे. कुणीतरी त्याला म्हणालं, अरे धान्यच दोन्हीकडे अर्धं अर्धं घाल की. हसू येतं, पण आम्ही गाडीवर काय करतो ते पुढे बघा.

1830 मध्ये बोरघाटात चाकाचा रस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर आली. पुढच्या काही वर्षांत तांड्यांचा धंदा बसला. ज्यांनी शेकडो वर्षं या मुलखाचं धान्य वाहिलं, त्यांच्यातल्या अनेकांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. 1871 चा तो कायदा, आणि शिक्का पुसला गेला 1952 मध्ये. इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, ओझं कुणी वाहिलं ते नसतं. ते जाऊ द्या.

बैलाच्या पाठीवरचं ओझं बैलगाडीत गेलं. गाडीत तोल सांभाळायचा पण तो पुढे-मागे, डावा-उजवा फारसा नाही. दोन-तीन पिढ्यांत गोण भरायची कला गेली.

मग आली मोटारसायकल. 1962 पासून एस्कॉर्ट्सची राजदूत. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली, पावणेदोनशे सीसीची, आवाज आणि धूर दोन्ही भरपूर. खेड्यातल्या माणसाने ती का घेतली? जाड पत्रा, मजबूत सांगाडा आणि कुठल्याही पानाने खोलता येणारं इंजिन. 1972 मध्ये लूना आली, 50 सीसी. तिने मास्तर आणि ग्रामसेवक गाडीवर आणले. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली, 1994 मध्ये स्प्लेंडर. पेट्रोल वाचायला लागलं आणि शेतकरी खऱ्या अर्थाने गाडीवर बसला. पण या नंतरच्या गाड्या राजदूतपेक्षा हलक्या होत्या आणि त्यांच्यावरचं ओझं मात्र तेवढंच राहिलं.

या सगळ्यात एकाच माणसाने गोणीची विद्या जिवंत ठेवली. गवळ्याने. आधी सायकलच्या दोन्ही बाजूंना चरव्या, मग राजदूतच्या दोन्ही बाजूंना 40-40 लिटरचे कॅन. आमच्या दादांनी (वडिलांनी) 1984 मध्ये जुनी राजदूत घेतली ती दुधासाठीच. गावच्या लोहाराने लोखंडी पट्टीचा आकडा करून दिला होता, सीटखालून आडवा जाणारा. कॅन त्यालाच लटकायचे. दादा एक कॅन कधीच नेत नसत. दूध कमी असलं तर दोन्हीत अर्धं अर्धं ओतायचे. संकलन केंद्रावर एक कॅन रिकामा झाला की दुसरा लगेच उतरवायचे, मग गाडी स्टँडवरून काढायची. त्यांना कुणी शिकवलं होतं? आजोबांनी गोण भरायला शिकवलं होतं ना.

आणि मी काय केलं? 1999 मध्ये स्प्लेंडर घेतली आणि पिशव्या हँडलला अडकवल्या. तुम्हीही तेच करता, खोटं बोलू नका. एका बाजूला औषधाची पिशवी, दुसऱ्या बाजूला बाजाराची, टाकीवर पोरगं आणि मागे ट्यूबच्या रबराने बांधलेलं पोतं. हँडलला दोन-चार किलो लटकलं की वळणावर पिशवी झोका घेते आणि हँडल ओढते. मागच्या चाकाच्याही मागे 50 किलो बांधलं की पुढचं चाक हलकं होतं, चढाला हँडल हातात राहत नाही. आजोबा म्हणायचे तो झोला आणि ती पुठ्ठ्यावरची गोण, दोन्ही चुका एकाच गाडीवर.

पडलो तर खरचटतं, एवढंच वाटायचं. 2011 च्या उन्हाळ्यात कळलं की तेवढंच नाही.

टोमॅटोला फवारणी होती. बाजारातून ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची एक लिटरची बाटली घेतली आणि गाईसाठी दहा किलो सरकी पेंड घेतली. हँडलला नको म्हणून मी शहाणपणा केला. बाटली पेंडीच्याच पोत्यात खोचली, पोतं मागे बांधलं. आमचा रस्ता तेव्हा खडीचा. बाटलीचं झाकण हादऱ्याने ढिलं झालं असणार. घरी आलो तेव्हा अंधार पडलेला. बाटली काढून ठेवली, ओलसर लागली, हात धुतले. पोत्याचा विचारच डोक्यात आला नाही. पेंड गाईला घातली.

तासाभरात गाय लाळ गाळायला लागली. अंग थरथर कापतंय, पातळ शेण, डोळ्यातून पाणी. डॉक्टरांना फोन केला. ते आले, पेंडीचा वास घेतला, म्हणाले, "काय ओ, ह्यात काय सांडलंय?" ॲट्रोपिनची इंजेक्शनं चालू केली. रात्री दोनपर्यंत ते गोठ्यात होते. गाय वाचली. पण गाभण होती, चार दिवसांनी गाभडली. विषाने की त्या रात्रीच्या ताणाने, डॉक्टरांनी ठाम सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सकाळी बायको एवढंच म्हणाली, "अहो, परवा ह्याच पिशवीतून पोरांना टोस्ट आणले होते तुम्ही."

कीटकनाशक नियम 1971 चे आहेत. त्यात स्पष्ट आहे की कीटकनाशक अन्न किंवा जनावराच्या खाद्याला लागेल अशा रीतीने ठेवायचं किंवा न्यायचं नाही. हा नियम कारखाने आणि दुकानदारांना माहीत असतो. दुकानात औषधाचं कपाट वेगळं असतं. पण दुकानाच्या पायरीपासून आपल्या बांधापर्यंतचा जो पाच-दहा किलोमीटरचा रस्ता आहे, तिथे कपाट कुठे आहे? तिथे हँडलच असतं. कृषी अधिकारी मित्रांनो, तुम्ही मास्क, हातमोजे, फवारणीची वेळ, सगळं सांगता. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून तर जास्तच सांगता, आणि बरोबर करता. पण औषध घरी कसं न्यायचं हे मला आजवर एकाही मेळाव्यात कुणी सांगितलेलं नाही.

आणि विष फक्त तोंडानेच जातं असंही नाही. टू-फोर-डी तणनाशक आणि टोमॅटोच्या रोपांचे ट्रे एकत्र आणून बघा (नका बघू). टोमॅटोला त्याचा नुसता अंश पुरतो. पानं दोरीसारखी वळतात आणि आपण व्हायरस म्हणून महिनाभर वेगळीच औषधं मारत बसतो.

तर डबे. पूर्वी मोटारसायकलला डाव्या बाजूला पत्र्याची कुलूपवाली पेटी मिळायची, डिक्की म्हणायचे लोक. वसुलीवाले, विमा एजंट, सरकारी नोकर यांच्या गाड्यांना असायची. एकच पेटी, कागदपत्रांपुरती. शहरातले लांब फिरायला जाणारे लोक आता ॲल्युमिनियमच्या जोड पेट्या लावतात, त्यांची किंमत ऐकून मी दुकानातून खाली उतरलो. मग गावच्या वेल्डिंगवाल्या मेस्त्रीकडे गेलो.

पहिला प्रयत्न फसला. 35 लिटरचे चौकोनी प्लास्टिकचे कॅन घेतले, मोठे म्हणून. दोन्हीकडे लावल्यावर गाडी हँडलपेक्षा रुंद झाली. हँडल गेलं की आपल्याला वाटतं गाडी गेली. गोठ्याच्या फाटकाला उजवा कॅन अडकला आणि मी आडवा. म्हणून पहिली गोष्ट : दोन्ही डबे धरून रुंदी हँडलच्या बाहेर जाता कामा नये. नंतर 20 लिटरचे घेतले, अरुंद बाजू आडवी येईल असे बसवले. कॅन खाद्यतेलाचे होते. औषधाचा रिकामा कॅन फुकट मिळतो म्हणून घेऊ नका. तो कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं जात नाही.

सांगाडा पाऊण इंची चौकोनी पाइपचा. गाडीच्या चासीला वेल्डिंग अजिबात करू दिलं नाही. मेस्त्रीचा आग्रह होता, "एक टाका मारतो, कायमचं काम." पातळ पाइपच्या चासीला टाका मारला की टाक्याच्या शेजारूनच चीर जाते. सगळं नटबोल्टवर : वरचा टेकू कॅरिअरच्या बोल्टला, पुढचा मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला, आणि सगळ्यात महत्त्वाची ती नंबर प्लेटच्या मागून जाणारी आडवी पट्टी, डावा आणि उजवा सांगाडा एकमेकांना बांधणारी. ती नसेल तर दोन्ही डबे बैलाच्या कानांसारखे हलतात. मेस्त्रीने आधी ती लावली नव्हती. आठ दिवसांत बोल्टची भोकं मोठी झाली. सांगाडा शॉकअपच्या वरच्या भागावर, म्हणजे जो भाग हलत नाही त्यावर हवा. चाक ज्यात बसतं त्या चिमट्याला काही बांधायचं नाही. दोन माणसं बसवून गाडी दाबून बघा, डबा चाकाला किंवा साडीगार्डला घासतो का ते.

साडीगार्ड काढू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा, हे नियमातच आहे, आणि ते पदर अडकून मेलेल्या बायांमुळे आहे. इंडिकेटर आणि मागचा दिवा डब्याआड गेला तर ते बाहेर काढून घ्या. डबा चाकाच्या आसापेक्षा जितका पुढे आणि जितका खाली येईल तितका चांगला. म्हणजे पुन्हा तेच, बरगड्यांना चिकटून.

झाकणासाठी कॅनची वरची बाजू तीन कडांनी कापली, चौथीला बिजागरी. बोल्टला मोठे वायसर लावा, नाहीतर प्लास्टिक फाटतं. कापलेल्या कडेला काय लावायचं हा प्रश्न होता. शेतातली 16 एमएमची जुनी ठिबकची नळी उभी चिरून कडेवर चढवली, धार गेली आणि पाणीही अडलं. ही एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातली, याचं श्रेय आजोबांना देणार नाही.

विष कुठल्या बाजूला, यावर घरात भांडण झालं. उजवीकडे सायलेन्सर, तिथे औषध तापेल म्हणून मी लाल डबा डावीकडे लावला. बायको बाजारला निघाली, एका बाजूला पाय सोडून बसली आणि लगेच उतरली. "माझ्या पायापाशी विष ठेवता व्हय?" उत्तर नव्हतं. मग लाल डबा उजवीकडे नेला, सायलेन्सर आणि डबा यांच्यात चार बोटं जागा सोडून मध्ये पत्रा मारला. घाट चढून आल्यावर डब्याच्या तळाला हात लावून बघितला, गरम लागला नाही. लाल डब्याला तळाशी भोक नाही, आत जुनं घमेलं बसवलंय आणि कोरड्या मातीची एक पिशवी, सांडलं तर टाकायला. डाव्या पांढऱ्या डब्याला तळाशी दोन भोकं, पावसाचं पाणी जायला. पांढऱ्यात घरचं खाणं, पेंड, बियाणं. दोन्ही डबे खिळ्याने निघतात, लग्नाकार्याला गाडी मोकळी.

खर्च विचारलाय बऱ्याच जणांनी. कॅन 600, पाइप 330, बिजागरी-कड्या-बोल्ट 310, रंग 110, मेस्त्री 700. एकूण 2050 रुपये. फसलेले मोठे कॅन यात धरलेले नाहीत, त्यात आता कोंबड्यांचं पाणी आहे.

एका डब्यात दहा किलोच्या वर मी भरत नाही, कारण नटबोल्टवरचं काम आहे आणि गाडी शंभर सीसीची. 45 किलोची युरियाची गोणी याच्यावर जाणार नाही, ती तशीच मागे, आणि तीही एकच, शक्य तेवढी पुढे सीटवर घेऊन. एका डब्यात दोन लिटर औषध आणि दुसऱ्यात आठ किलो पेंड असं झालं की गाडी डावीकडे ओढते. मग पेंडीतली थोडी उजवीकडे घालायचा मोह होतो. ते करायचं नाही. उजवीकडे मी पाण्याच्या दोन-तीन बाटल्या टाकतो, लाल खूण केलेल्या, पिण्याच्या नव्हेत. म्हणजे वाळू भरणारा येडा मीच झालो. आजोबा असते तर हसले असते, पण त्यांच्या गोणीत दोन्हीकडे मीठच असायचं.

दादा आता 81 वर्षांचे आहेत. डबे बसवून आणले तेव्हा काठी टेकत बाहेर आले, दोन्ही डबे एकेका हाताने खालून उचलून तोलून बघितले, आणि म्हणाले, "डावा जड हाय." खरंच होता, बिजागरीचं लोखंड त्या बाजूला जास्त गेलं होतं.

पांढऱ्या डब्याची कडी परवा तुटली. सध्या ट्यूबच्या रबराने बांधलीय. मोजमापाचे फोटो पाहिजे असतील त्यांनी खाली लिहा, मेस्त्रीकडे जाईन तेव्हा काढून टाकतो.